ठासणीच्या बंदुकीची आंघोळ

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी पावसाळ्यात लोखंडाला पाणी लागू द्यायचं नाही, असा दंडक होता. विळी वापरून झाली की पुसायची आणि पात्यावरून खोबरेलाचं बोट फिरवायचं. कोयते चुलीच्या वर, धुराच्या उबेत टांगलेले असत. त्याच घरात माझे आजोबा मात्र बागेतली वानरं हुसकायला दोन-चार बार काढले की आपली ठासणीची बंदूक मागीलदारी न्यायचे आणि तिच्या नळीत चुलीवरचं कढत पाणी ओतायचे. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. बुडाजवळच्या भोकातून शाईसारखं काळं पाणी पायरीवर यायचं आणि त्याला नासक्या अंड्याचा वास सुटायचा.

"आजोबा, लोखंडाक पाणी कित्याक? तेल घाला ना," मी एकदा म्हटलं.

"दारूत सोरो असता. सोरो म्हणजे खार," ते म्हणाले. "खार तेलात इरघळता काय रे?"

पुढे कित्येक वर्षांनी इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या बिझ्लीच्या नेमबाजी मैदानावर मी एका रविवारी पाहुणा म्हणून गेलो होतो. दीडशे-एकशे साठ वर्षांपूर्वीच्या बंदुका घेऊन मंडळी जमली होती. दिवस मावळायला आला तेव्हा एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी पिशवीतून थर्मास काढला. चहा असेल असं मला वाटलं. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि वाफाळतं पाणी बंदुकीच्या नळीत ओतलं. खालच्या बादलीत काळं पाणी पडलं, आणि तोच वास आला.

त्या दिवसापासून मी या छंदात पडलो. ठासणीची बंदूक म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची बंदूक. तिचा आकार असा का, गोळी तशी का, तिला चरबी का फासायची, आणि रात्री तिला आंघोळ का घालायची, हे समजून घेत गेलो तशी प्रत्येक उत्तराच्या तळाशी एकच गोष्ट सापडत गेली. ती म्हणजे जळलेल्या दारूची काजळी.

दारू जळते, पण सगळी उडून जात नाही

बंदुकीची जुनी काळी दारू तीन पदार्थांची असते. वजनाने साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. कोळसा हे सरपण. गंधक चटकन पेट घेतो आणि आग पसरवतो. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, या सरपणासाठी लागणारा ऑक्सिजन शिदोरीसारखा आपल्याबरोबर बांधून आणतो. चुलीला फुंकणीने हवा द्यावी लागते. इथे बंद नळीत बाहेरची हवा येणार कुठून? ती सोऱ्यातून येते. म्हणून सोरा हाच दारूचा जीव. बिहारमधला सोरा सतराव्या-अठराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनी जहाजं भरभरून युरोपात नेत होती, तो यासाठीच.

पेटल्यावर या मिश्रणातून नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड असे वायू झपाट्याने तयार होतात, फुगतात आणि गोळीला ढकलतात. पण सगळ्या दारूचा वायू होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की जळलेल्या काळ्या दारूच्या वजनापैकी सुमारे ४३ टक्क्यांचाच वायू होतो. उरलेल्या ५७ टक्क्यांचे क्षार होतात. पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, पोटॅशियम सल्फाइड. निम्म्याहून अधिक माल घनच राहतो. त्यातला बराचसा पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो, सगळ्यात जाड थर बुडाशी.

हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी ओलसर होते, तसंच. फरक इतकाच की ही बरणी पोलादाच्या नळीला आतून लिंपलेली असते. ओल धरलेला क्षार आणि उघडं लोखंड एकत्र आले की गंज चढायला एक रात्र पुरते. त्यात पेटवणीच्या जुन्या टोप्यांमधला पोटॅशियम क्लोरेट जळून त्याचा क्लोराइड होतो, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊच. पोटॅशियम सल्फाइडला पाणी लागलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. नासक्या अंड्याचा वास त्याचाच.

आजोबांचं म्हणणं आता उलगडतं. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. काजळीवर तेल ओतलं तर मीठ तेलाखाली झाकलं जातं, जात नाही, आणि झाकलेलं मीठ आपलं काम करत राहतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू वेगळ्या जातीची आहे. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ती १८८४ साली तयार केली. ती जवळजवळ संपूर्ण वायूत बदलते आणि नळीत कितीतरी अधिक दाब निर्माण करते. ती ठासणीच्या बंदुकीत घातली तर नळी फुटते आणि धरणाऱ्याचा हात, डोळा किंवा जीव जातो. "थोडीशी घालून बघू" याला इथे जागाच नाही.

सैल गोळी की घट्ट गोळी?

आता बंदुकीच्या आकाराकडे वळू. अठराव्या शतकात इंग्रज शिपायाच्या हातात असलेल्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत होती आणि तिचा व्यास पाऊण इंच होता. तिच्यातली शिशाची गोळी मात्र ०.६९ इंचाच्या आसपासची. मुद्दाम सैल. कारण पाच-सहा बारांनंतर काजळीचा थर चढतो आणि घट्ट गोळी मग खालीच जात नाही. सैल गोळी मिनिटाला तीन वेळा भरता येते, पण सुटताना ती नळीच्या या भिंतीवर त्या भिंतीवर आपटत बाहेर पडते आणि भलतीच गिरकी घेऊन भलतीकडे वळते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो ना, तसंच. इथे गोलंदाजाला स्वतःलाच माहीत नसतं की चेंडू कुठे वळणार. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली हे नीट उलगडून दाखवलं.

उपाय जुनाच होता. नळीच्या आत नागमोडी नव्हे, स्क्रूच्या आट्यांसारख्या पीळदार खाचा कापायच्या. या खाचांत शिसं रुतलं की गोळी ठरलेल्या आसाभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरता भोवरा जसा आपल्या आरीवर उभा राहतो, तशी ती आपली दिशा धरून राहते. खाचा कापण्याच्या या क्रियेवरूनच रायफल हे नाव पडलं.

पण इथेच पेच होता. खाचांत रुतायचं तर गोळी घट्ट हवी, आणि तोंडातून भरायचं तर सैल हवी. शिकारी लोक गोळीभोवती चरबी लावलेल्या कापडाचा किंवा पातळ चामड्याचा तुकडा गुंडाळून ती दाबत दाबत बसवत. नेम अचूक लागे, पण वेळ फार जाई. इंग्लंडने १८०० साली बेकर रायफल सैन्यात आणली, तेव्हा गोळी आत ठोकायला शिपायांना सुरुवातीला लाकडी हातोड्याही दिल्या होत्या. शत्रू अंगावर येत असताना नळीवर हातोडी मारत बसलेला शिपाई डोळ्यांपुढे आणला की सेनापती इतकी वर्षं गुळगुळीत नळीलाच का चिकटून राहिले, ते कळतं.

सायकलच्या पंपातला वायसर

हा पेच सोडवण्यात क्लोद एतिएन मिनीए या फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव झालं. १८४९ च्या सुमाराची त्याची गोळी लांबट, पुढे निमुळती आणि बुडाशी पोकळ होती. भरताना ती नळीपेक्षा बारीक, म्हणून सहज खाली जाते. दारू पेटली की वायू त्या पोकळीत शिरतो, मऊ शिशाची कड बाहेर फाकते आणि खाचांत घट्ट रुतते.

सायकलचा हातपंप उघडून पाहिलाय? दांड्याच्या टोकाला वाटीसारखा चामड्याचा वायसर असतो. दांडा वर ओढताना तो आक्रसतो आणि हवा बाजूने जाऊ देतो. दांडा दाबला की हवेच्या दाबाने त्याची कड फाकून नळीला चिकटते. मिनीएच्या गोळीचं बूड हा शिशाचा वायसर आहे, एकदाच फाकणारा. म्हणूनच या गोळ्यांसाठी शुद्ध, मऊ शिसं लागतं. नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. छापखान्यातलं किंवा जुन्या बॅटरीतलं भेसळीचं शिसं कडक असतं. ते फाकत नाही आणि गोळी खाचांवरून नुसती घसरत जाते.

याच तत्त्वावर इंग्रजांनी १८५३ सालच्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल घडवली. आज या छंदातली सगळ्यात लाडकी बंदूक हीच, आणि माझीही. तिची नळी ३९ इंच लांब, व्यास ०.५७७ इंच, आत तीन उथळ खाचा, ७८ इंचांत एक पूर्ण वेढा. गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तीन तोळ्यांची. दारू ६८ ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅमच्याही किंचित आत. हाताच्या तळव्यावर ती गोळी घेतली की तिच्या वजनाचाच धाक वाटतो.

वंगण कशासाठी होतं?

एन्फिल्डची दारू आणि गोळी कागदाच्या एकाच पुंगळीत बांधलेली असे. शिपाई पुंगळीचं टोक दातांनी फाडी, दारू नळीत ओती, मग पुंगळी उलटी करून गोळीचं टोक कागदासकट नळीच्या तोंडात बसवी, वरचा कागद तोडून टाकी आणि गजाने गोळी खाली ठाशी. गोळीभोवतालच्या त्या कागदाला चरबी आणि मेणाचं वंगण लावलेलं असे.

शाळेत १८५७ शिकताना काडतुसांना चरबी लावली होती एवढं आपण पाठ करतो. का लावली होती, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. ती काजळीसाठी होती. वंगणाने काजळी मऊ राहते, पुढची गोळी जाताना मागच्या बाराची काजळी पुसून खाली नेते आणि शिपायाला हातोडी लागत नाही. कोरडा कागद लावून वीस बार काढून पाहिले तर दहाव्या-बाराव्या बारानंतरच गज अडायला लागतो. मी मैदानावर हे करून पाहिलं आहे. वंगणाशिवाय ती रायफल लढाईच्या कामाची राहत नाही.

म्हणजे वंगण हवंच होतं. चरबी मात्र अमुकच प्राण्याची असायला हवी असं काहीही नव्हतं. तूप चालतं, मेण चालतं, वनस्पती तेल आणि मेण यांचं मिश्रणही चालतं. आज कित्येक नेमबाज तेच वापरतात. जी चरबी वापरली ती कोणत्या जनावराची, याची काळजी कुणी घेतली नाही, आणि ज्यांनी ती दातांनी फाडायची त्यांना विचारलं नाही. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांनी स्वतःच्या पसंतीचं वंगण लावावं अशी मुभा निघाली. पुढे दातांऐवजी हाताने कागद फाडण्याची कवायतही आली. तोवर विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. एप्रिलच्या अखेरीस मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ८५ शिपायांनी काडतुसं घ्यायला नकार दिला आणि १० मे रोजी मेरठ पेटलं. उठावाची कारणं कितीतरी खोल होती, हे खरंच. पण ठिणगी पडली ती या चिकट कागदावर. हातात ती पुंगळी धरली की मला दर वेळी त्या ८५ जणांची आठवण होते.

त्यानंतरच्या दोन गोष्टीही काजळीच्या गोष्टीत बसतात. एन्फिल्डची मूळ गोळी ०.५६८ इंचाची होती. नळी आणि गोळी यांच्या व्यासांतला फरक पाव मिलिमीटरही नव्हता, त्यातच कागदाचा वेढा. मळलेल्या नळीत ती अडू लागली, म्हणून गोळी ०.५५ इंचाची करावी लागली. दुसरी गोष्ट अशी की उठावानंतर देशी पलटणींना पीळ नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. पीळ काढून घेतला की नेम काढून घेतला, हे राज्यकर्त्यांना पुरतं ठाऊक होतं.

व्हिटवर्थची हार

जोसेफ व्हिटवर्थ हे मँचेस्टरचे इंजिनिअर. स्क्रूच्या आट्यांना देशभर एकच माप असावं, ही १८४१ सालची कल्पना त्यांचीच. त्यांनी षट्कोनी नळीची रायफल बनवली, ०.४५१ इंचाची, वीस इंचांत एक वेढा देणारी. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला राष्ट्रीय रायफल स्पर्धा सुरू झाली तेव्हा राणी व्हिक्टोरियाने टेकूवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या लक्ष्यावर गोळी मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली. चाचण्यांमध्येही एन्फिल्ड तिच्यापुढे टिकली नव्हती. तरीही सैन्याने व्हिटवर्थ घेतली नाही. ती महाग होती, हे एक कारण. अरुंद नळी काजळीने लवकर तुंबे, हे दुसरं.

आज मैदानावर

ब्रिटनमध्ये ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांची संघटना १९५२ साली स्थापन झाली, अमेरिकेतली त्याहून जुनी, १९३३ ची. १९७१ पासून या छंदाची आंतरराष्ट्रीय समिती आहे आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होतात. स्पर्धांची नावं मला फार आवडतात. ५० मीटरवरच्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या, बंदुकीच्या स्पर्धेला तानेगाशिमा म्हणतात. पोर्तुगीजांबरोबर १५४३ साली जपानमध्ये बंदूक पोचली ती याच नावाच्या बेटावर. १०० मीटरवरच्या सैनिकी रायफलच्या स्पर्धेचं नाव मिनीए, आणि व्हिटवर्थ यांच्या नावाचीही एक आहे. मूळ जुन्या बंदुका आणि नव्या प्रतिकृती यांचे गट वेगळे. ३० मिनिटांत १३ बार काढायचे, त्यातले उत्तम १० मोजायचे. एका बाराला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो, आणि त्यातला बराचसा वेळ मधूनमधून ओल्या फडक्याने नळी पुसण्यात जातो.

भरण्याची पद्धत पाहू. कुप्पीतून थेट नळीत दारू ओतणं सक्त मना आहे. मागच्या बाराचा एखादा निखारा बुडाशी धुगधुगत असेल तर हातातली आख्खी कुप्पी पेटेल. म्हणून प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून, वेगवेगळ्या छोट्या नळकांड्यांत भरून आणतात. दारू ओतली की गोळी तोंडाशी बसवायची आणि गजाने खाली न्यायची. गज मुठीत आवळायचा नाही, बोटांनी धरायचा, आणि तोंड किंवा छाती नळीवर झुकू द्यायची नाही.

गोळी दारूला टेकली पाहिजे. मधेच अडली आणि खाली पोकळी राहिली तर दाब एका जागी तुंबतो, आणि नळीला तिथे फुगवटा येतो. म्हणून गजावर खूण असते. रिकाम्या नळीत गज कुठवर बुडतो त्याची एक, आणि भरलेल्या नळीत कुठवर त्याची दुसरी. या खुणेचं महत्त्व गेटिसबर्गच्या रणांगणाने शिकवलं. जुलै १८६३ च्या त्या लढाईनंतर गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते. एकीत तर तेवीस निघाले. धूर, आरडाओरडा आणि भीती यांत आपला बार उडालाच नाही, हे शिपायांना कळलं नव्हतं. ठासणीची बंदूक बाहेरून पाहून भरलेली की रिकामी ते सांगता येत नाही. आजही जुन्या वाड्यात भिंतीवर टांगलेली बंदूक भरलेली निघू शकते. तशी सापडली तर आधी जाणकाराला बोलवावं.

शेवटी निपलवर टोपी. निपल म्हणजे नळीच्या बुडाशी बसवलेलं, आरपार बारीक भोक असलेलं बोंड. त्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसते, आमच्याकडे तिला केप म्हणत. तिच्या आत आघाताने पेटणारा पदार्थ असतो. अशा पदार्थाने बंदूक पेटवण्याचं पेटंट १८०७ साली अलेक्झांडर फोरसाइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने घेतलं होतं; टोपी त्यानंतर आली. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ज्वाला भोकातून आत जाते. बार फुसका निघाला तर नळी लक्ष्याकडेच ठेवून मिनिटभर थांबायचं. दारू कधीकधी धुमसत राहते आणि उशिरा पेटते.

चौकट : कायद्याचं काय?

भारतात ठासणीची बंदूक वापरायची तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे आणि कोकणातल्या अनेक घरांत अशा बंदुका आहेत. निवडणुका आल्या की त्या अनेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी पुराणवस्तू झालेली बंदूक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडवा लोकांना परवान्यातून सूट आहे. ब्रिटनमध्ये अस्सल जुनी बंदूक शोभेची म्हणून बाळगायला परवाना लागत नाही, पण तिच्यातून बार काढायचं ठरलं की लागतो, आणि काळ्या दारूसाठी पोलिसांचा वेगळा दाखला लागतो.

आंघोळ

घरी आल्यावर पहिला चहा आपला नाही, बंदुकीचा. बूट काढण्याआधी मी पाणी तापत ठेवतो.

घोडा अर्धा चढवून निपलवर रबराची एक बारीक नळी घट्ट बसवायची. तिचं दुसरं टोक बादलीतल्या कोमट पाण्यात, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. गजाच्या टोकाला ओलं फडकं लावून तो नळीत खाली-वर करायचा. होळीच्या पिचकारीसारखं पाणी वर खेचलं जातं आणि खाली फेकलं जातं. पहिल्या चार-पाच दट्ट्यांतच बादली काळी होते. पाणी बदलायचं. दुसरी बादली राखाडी. तिसरी स्वच्छ राहिली की समजावं.

कढत पाणी की कोमट, यावर नेमबाजांमध्ये वर्षानुवर्षं वाद आहे. माझं मत कोमटाकडे झुकतं. क्षार कोमट पाण्यातही विरघळतात. उकळत्या पाण्याचा फायदा एवढाच की नळी तापते आणि आपोआप लवकर सुकते. पण फार तापलेल्या उघड्या पोलादावर सुकता सुकता केशरी गंजाचा पातळ थर क्षणात येतो, तो मी दोनदा पाहिला आहे. आजोबांची नळी जाडजूड आणि बाहेर पाऊस. त्यांना लवकर सुकणं महत्त्वाचं होतं. त्यांचं कढत पाणी त्यांच्या जागी बरोबरच होतं.

मग कोरडी फडकी, एकामागून एक, कोरडं आणि पांढरं बाहेर येईपर्यंत. निपल चावीने काढून त्याचं भोक सुईने मोकळं करायचं, आटे पुसायचे. हा कोपरा विसरला तर गंज सुरू होतो तो इथूनच. सगळं कोरडं झाल्यावर तेल. क्षार गेले आहेत, आता तेल आपलं खरं काम करतं, म्हणजे हवा आणि ओल दूर ठेवतं. बंदूक तोंड खाली करून उभी करायची, म्हणजे जादा तेल निपलमधून लाकडात झिरपत नाही.

पुढच्या वेळी बार काढण्याआधी हे तेल पुसून काढायचं आणि नुसत्या दोन टोप्या उडवायच्या. नळीचं तोंड गवताच्या पात्यापासून चारेक बोटांवर धरायचं. टोपी उडाली आणि पातं थरथरलं की वाट मोकळी आहे. पातं हललं नाही तर निपलमध्ये तेल किंवा मळ आहे आणि पहिला बार फुसका जाणार.

लाकूड, चाप आणि जुना रंग

अस्सल जुनी बंदूक विकत घेताना नळीत छोटा दिवा सोडून आत पाहावं. तोंडाकडचा भाग बहुतेक छानच असतो. नजर बुडाकडे न्यायची. मी एकदा बर्मिंगहॅमची, १८५० च्या दशकातली एक सुरेख एन्फिल्ड पाहिली. तीन फूट नळी आरशासारखी, आणि शेवटचे पाच-सहा इंच देवीच्या व्रणांसारखे खड्डेच खड्डे. कुणा एका मालकाने, बहुधा थोड्याच वेळा, ती न धुता ठेवली असणार. अशी नळी जाणकार बंदूकसाजाकडून तपासून घेतल्याशिवाय तिच्यातून बार काढू नये.

चाप आणि घोड्याचं यंत्र वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच उघडावं, आणि पेचकस खाचेत नेमका बसणारा हवा. सैल पेचकसाने स्क्रूची खाच खाल्ली की ती जखम पुन्हा भरत नाही. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असतो. त्याला जवसाचं तेल, बोटाने, अगदी पातळ. ते तेल लावलेली चिंधी चुरगाळून टाकू नये, पसरून वाळवावी. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेटू शकते.

नळीवरचा तपकिरी रंग मात्र घासायचा नाही. पितळेची समई चिंचेने उजळायची आपल्याला सवय असते, म्हणून सांगतो. अनेक जुन्या नळ्यांवरचा तो तपकिरी थर कारागिराने मुद्दाम गंजवून, थांबवून, पुन्हा गंजवून चढवलेला असतो. तो खरवडला की दीडशे वर्षांचं काम पाच मिनिटांत जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदूक पुन्हा बाहेर काढतो आणि एक कोरडं पांढरं फडकं नळीतून फिरवतो. बहुतेक वेळा त्यावर फिक्या चहाच्या रंगाची एक रेघ येते. रात्री पाणी दडून बसलेला कुठलातरी सांधा, कुठलीतरी खाच. पुन्हा थोडं तेल, पुन्हा तोंड खाली करून उभी. तिसऱ्या दिवशी फडकं पांढरं निघालं, की मगच ती कपाटात जाते.